हेन्री मास्तरांची घंटा

सबमिशनच्या आठवड्यात मॅगझिनसाठी लेख मागायचा म्हणजे... असो. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. लेख आहे जोसेफ हेन्रीवर. तोच तो, ज्याचं नाव आपण इंडक्टन्सच्या न्यूमेरिकलमध्ये उत्तराच्या शेवटी लिहितो आणि विसरलो तर अर्धा मार्क घालवतो.

मी त्याच्याकडे वळलो ते एका मुक्या भोंग्यामुळे. रत्नागिरीच्या आमच्या घरात आजी एकटी असते. बाबांनी चोरीच्या अलार्मचं पॅनेल बसवून घेतलं, दारांना मॅग्नेटचे स्विच लावले, पण पॅनेलमधला हूटर एवढा बारीक की शेजारच्या काकांना काही तो ऐकू जाणार नाही. नातू इंजिनिअरिंगला, म्हणजे पुढचं काम त्याचंच! मी १२ व्होल्टचा मोटरवाला भोंगा आणून गच्चीवर ठोकला, कॉलबेलची जुनी बारीक वायर २० मीटर ओढली आणि थेट पॅनेलच्या आउटपुटला जोडून मोकळा झालो. आउटपुटवर अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये, हे पॅनेलच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. ते मी नंतर वाचलं. भोंग्याने एकदा म्हशीसारखा हुंकार दिला आणि गप्प झाला. पॅनेलचं आउटपुटही त्याच्याबरोबर गेलं. त्या रात्री आजी नुसत्या कडीच्या भरवशावर झोपली. मला काही झोप आली नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत रिलेबद्दल शोधायला बसलो आणि रिले राहिला बाजूला, हा माणूसच वाचत बसलो.

हेन्रीचा जन्म १७९७ चा, अमेरिकेतल्या अल्बनी गावचा. घरची गरिबी, वडील लवकर गेले, म्हणून पोरगा गॅलवे नावाच्या खेड्यात आजीकडे वाढला. (इथे मी जरा थांबलो होतो.) दुकानात पोऱ्या म्हणून राबत होता. सांगतात की त्याचा पाळलेला ससा चर्चच्या फळ्यांखाली शिरला, हा त्याच्यामागे सरपटत गेला आणि फटीतून थेट गावच्या वाचनालयात निघाला. खरंखोटं देव जाणे. पुढे घड्याळजीकडे उमेदवारी केली, मध्येच नाटकाचं वेड लागलं, आणि सोळाव्या वर्षी विज्ञानावरचं एक सोपं पुस्तक हाती पडलं तेव्हा गडी त्यातच रमला. अल्बनी अकॅडमीत फी माफ झाली, पण पोट भरायला शिकवण्या कराव्याच लागल्या. १८२६ मध्ये तिथेच तो गणित आणि विज्ञानाचा मास्तर झाला. आता मास्तर झाले म्हटल्यावर यापुढे अहो-जाहो करतो.

इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये विद्युतचुंबक केला होता. लोखंडाला वार्निश लावायचं आणि उघडी तार सैलसर गुंडाळायची, वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. हेन्री मास्तरांनी वार्निश लोखंडाऐवजी तारेचाच विचार केला. तारेलाच रेशीम गुंडाळलं, म्हणजे वेढे कितीही दाट आणि थरावर थर घालता येतात. हे रेशीम बायकोच्या परकराचं होतं अशी गोष्ट सांगतात. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी त्यांनी केलेल्या चुंबकाने २०६३ पौंड, म्हणजे सुमारे ९३६ किलो वजन उचललं.

पण माझ्या कामाची गोष्ट वेगळी होती. मास्तरांच्या लक्षात आलं की चुंबक दोन जातीचे असतात. जवळ ठेवून अवजड वजन उचलायचं असेल तर अनेक छोटी वेटोळी समांतर जोडावीत आणि एकच मोठा सेल पुरे. लांबच्या तारेतून काम करायचं असेल तर मात्र एकाच लांब तारेचे भरपूर वेढे आणि एकापुढे एक जोडलेले पुष्कळ सेल लागतात. हे ताडून बघायला त्यांनी १८३१ मध्ये अकॅडमीच्या एका खोलीत भिंतींवरून मैलभर तार फिरवली. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला चुंबक, त्याच्यासमोर फिरता लोहचुंबकी दांडा आणि शेजारी घंटा. सर्किट जोडलं की दांडा फिरून घंटेवर आपटायचा. लांबून तारेने वाजवलेला भोंगाच म्हणा ना!

१८३२ मध्ये ते प्रिन्स्टनला गेले आणि १८३५ च्या सुमारास त्यांनी दोन्ही जाती एकत्र आणल्या. मोठा चुंबक वजन धरून उभा. लांबून तारेतून आलेला क्षीण प्रवाह छोट्या चुंबकाला जागा करतो, तो छोटा चुंबक मोठ्याच्या सर्किटची तार पाऱ्याच्या वाटीतून उचलतो आणि वजन धाडकन खाली! वर्गातली पोरं दचकत असणार. लांबून येणाऱ्या प्रवाहाने स्वतः ओझं ओढायचंच नाही, फक्त हुकूम द्यायचा. ओझं ओढायला जागेवर दुसरी बॅटरी असते. यालाच आपण रिले म्हणतो.

माझी वायर मोजून बघितली. जाण्या-येण्याचे ४० मीटर मिळून साधारण साडेतीन ओहम. भोंग्याला हवे ३ अँपिअर, म्हणजे १० व्होल्ट वाटेतच संपले आणि गच्चीपर्यंत पोचले २. तेच रिलेच्या कॉइलला लागतात ३० मिलिअँपिअर. वाटेत जातो एक दशांश व्होल्ट!

आता मास्तरांचा दुसरा शोध, ज्याने मला आणखी खजील केलं. कॉइलचा प्रवाह अचानक तोडला की ठिणगी उडते, कारण कॉइलला प्रवाह सोडवत नाही आणि ती उलटा व्होल्टेजचा फटका मारते. हे सेल्फ इंडक्शन त्यांनी १८३२ मध्ये छापलं. म्युच्युअल इंडक्शनचं श्रेय फॅरडेंकडे गेलं, कारण त्यांनी आधी प्रसिद्ध केलं. कॉइल कसलीही असो, मोटरची किंवा रिलेची, हा फटका ट्रान्झिस्टरला मारक. म्हणून कॉइलला उलटा डायोड लावतात, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. व्हायव्हाला हे मी दोनदा घडाघडा सांगितलंय आणि गच्चीवर एकदाही आठवलं नाही.

मास्तरांनी यातल्या कशाचंही पेटंट घेतलं नाही. ज्ञान सगळ्यांचं, असं त्यांचं मत. सॅम्युअल मोर्स आधी चाचपडत होते, तारेतून संदेश जेमतेम काही फूट जायचा. लिओनार्ड गेल या प्राध्यापकांनी हेन्रींचा १८३१ चा लेख वाचलेला होता, त्यांनी सेल आणि वेढे वाढवायला सांगितलं आणि गाडी मार्गी लागली. १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली. पुढे पेटंटचे खटले झाले, हेन्रींनी साक्षीत जे खरं ते सांगितलं, तर १८५५ मध्ये मोर्सनी त्यांच्यावरच लांबलचक टीका छापली. तेव्हा मास्तर स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. १८४६ पासून, म्हणजे पहिलेच. त्यांनी संस्थेच्या मंडळाकडे चौकशी मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. आमच्या रूममध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. रूममेटच्या मते पेटंट न घेणं हा शुद्ध वेडेपणा. मला तसं वाटत नाही, पण एवढं खरं की पेटंट असतं तर म्हातारपणी ही उठाठेव करावी लागली नसती.

आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रिले मात्र इन्व्हर्टरपासून रिक्षाच्या हॉर्नपर्यंत कुठेही टकटकताना ऐकू येईल.

१८७५ मध्ये ग्रॅहम बेल नावाचा तरुण त्यांच्याकडे टेलिफोनची कल्पना घेऊन आला. विजेचं ज्ञान आपल्याला नाही अशी त्याची कुरकुर होती. म्हाताऱ्याने त्याला ते मिळव म्हणून सांगितलं आणि कामाला लावलं.

शेवटच्या वर्षांत तर ते खरोखरच भोंग्यांकडे आले. १८५२ पासून ते अमेरिकेच्या दीपगृह मंडळावर होते, १८७१ पासून अध्यक्ष. धुक्यात दिवा दिसत नाही, म्हणून जहाजांसाठी वाफेचे भोंगे, शिट्ट्या, कर्णे लावून ते बोटीतून लांब लांब जायचे आणि आवाज कुठवर येतो ते टिपायचे. वाऱ्याच्या विरुद्ध आवाज लवकर मरतो, कारण वरचा वारा जोराचा असल्याने ध्वनी वर वळतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो, हे त्यांनी समुद्रावर तपासून पाहिलं. भगवती किल्ल्यावर दीपगृहापाशी जून महिन्यात उभं राहून बोलायचा प्रयत्न केलाय? मग पटेल.

१३ मे १८७८ ला मास्तर वॉशिंग्टनमध्ये गेले. अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष हेज हजर होते. १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत इंडक्टन्सच्या एककाला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुढच्या सुट्टीत पॅनेलचा ट्रान्झिस्टर बदलून घेतला. गच्चीवर डब्यात रिले, कॉइलला डायोड, शेजारी चार्जरसकट १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी, बॅटरीलगत फ्यूज, आणि बॅटरीतून रिलेच्या नॉर्मली ओपन कॉन्टॅक्टमार्गे जाड वायरने भोंगा. भोंग्याचं तोंड नैऋत्येला होतं, ते वळवून काकांच्या घराकडे केलं, म्हणजे पावसाळी वारा आवाज तिकडेच नेईल. कॉलबेलची बारीक वायर तशीच ठेवली, हुकमापुरती. संध्याकाळी आजीने स्वतः मागचं दार उघडून चाचणी घेतली. काका लुंगीवरच धावत आले, हातात कोयता.