आगकाड्यांना नाचविणारे दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. परंतु निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालविण्याची खटपटही त्यांनी केली, आणि या साऱ्या उद्योगाला एका गृहिणीने आपले दागिने दिले, ही हकिगत फारशी कोणी सांगत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे खेळ, सर्व करून पाहिले. नावाची अक्षरे उलटवून केळफा या नावाने ते जादू दाखवीत. पहिली पत्नी प्लेगने गेली. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह झाला.

१९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपल्या वसईत ते चरित्र घरोघरी माहीत आहे. ते पाहताना आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हा येतील, हाच ध्यास त्यांना लागला. रोज चित्रपट पाहून पाहून डोळे अधू झाले. ते उपचाराने सुधारल्यावर विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवला. ठराविक वेळाने एकेक चित्र घ्यायचे, असे कित्येक दिवस चालले. पडद्यावर मात्र अंकुर फुटून वेल भराभर वाढताना दिसला! तो पाहून पैसे देणारा मिळाला. तरीही पैसा अपुराच पडला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. कामावरच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत, आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही करीत. त्या काळी बायका चित्रपटात काम करण्यास तयार नसत, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला.

पुढे महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हे लहानसे चित्र केले. काडी मांडावी, एक चित्र घ्यावे, काडी केसभर सरकवावी, पुन्हा चित्र घ्यावे. सेकंदाच्या खेळाला अशी दहा-पंधरा चित्रे लागतात. फ्रान्समध्ये विनोदी चित्रे काढणारे एमिल कोल यांनी १९०८ साली अशाच काड्या चालविल्या होत्या. त्या खेळात एक काडी चुकली की पुन्हा पहिल्यापासून! आपण वातीच्या वाती वळत बसतो, त्यांना या कामातली चिकाटी समजेल.

‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) फार गाजले. नंतर बोलपट आले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

१९६९ पासून त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंच्या कामाची नोंद मात्र थोडक्यात आटोपते. आपली मुले मोबाइलवर कार्टून पाहत बसली की त्यांना त्या कुंडीतल्या वाटाण्याची गोष्ट सांगावी, आणि ती सांगताना सरस्वतीबाईंचे नाव गाळू नये.