गेओर्ग सिमोन ओहम

करंजा बंदरात रात्री परतणाऱ्या होड्यांवर बॅटरीचा दिवा जळत असतो. तार लांब व बारीक घातली म्हणजे तो मंद होतो, हे तांडेलास अनुभवाने ठाऊक असते. परंतु तो किती मंद होईल, हे तार जोडण्यापूर्वीच कागदावर सांगता येते. ही युक्ती ज्या जर्मन शाळामास्तरांनी दिली त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करितो.

ओहम यांचा जन्म ता. १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन गावी एका प्रोटेस्टंट घराण्यात झाला. बाप कुलपे करणारा कारागीर. तो शाळेत फारसा गेला नव्हता, तरी स्वतः ग्रंथ वाचून गणित शिकला व तेच त्याने मुलांस शिकविले. गेओर्ग दहा वर्षांचे असता आई वारली. पुढे विद्यालयात गेल्यावर ते नाच, बिलियर्ड व बर्फावर घसरणे यांत वेळ घालवू लागले. बापाने रागावून त्यांस तेथून काढिले, व १८०६ साली ते स्वित्झर्लंडात एका शाळेवर शिक्षक झाले. थोर पुरुषांच्या चरित्रांतून असल्या गोष्टी बहुधा गाळतात. आम्हांस त्या ठेवाव्याशा वाटतात. १८११ साली त्यांनी एर्लांगेन येथे डॉक्टरची पदवी मिळविली.

१८१७ साली कलोन येथे शिक्षकाची जागा मिळाली, व तेथील यंत्रे त्यांच्या हाती आली. तारा व उपकरणे ते स्वतः तयार करीत. बापाच्या भट्टीजवळचे शिक्षण येथे कामास आले. त्या काळची बॅटरी एकसारखा प्रवाह देत नसे, म्हणून मापे चुकत. तेव्हा त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेविला, आणि त्यायोगे स्थिर प्रवाह मिळविला. मग दोन इंचांपासून एकशेतीस इंचांपर्यंत लांबीच्या आठ तारा एकामागून एक जोडून पाहिल्या. तार जसजशी लांब, तसतसा प्रवाह कमी. आणि त्या कमी होण्यास ठराविक हिशेब होता.

तो हिशेब असा. व्होल्टला अँपिअरने भागिले की अवरोध निघतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर दिवा दोन अँपिअर घेत असेल, तर त्याचा अवरोध सहा ओहम. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. येथे चोवीस वॅट. आता तारेचाच अवरोध एक ओहम असला, तर एकूण सात होतो व प्रवाह सुमारे १.७ अँपिअरवर येतो. दिव्याचा अवरोध तेवढाच धरिला तरी त्यास साडेसतरा वॅटच पोहोचतात. सुमारे तीन वॅट तार तापविण्यात जातात. (शक्तीचा हा भाग ओहम यांचा नव्हे, उष्णतेचा नियम इंग्लंडात जूल यांनी १८४१ च्या सुमारास मांडिला.) १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस नेताना व्होल्ट एक लक्षाच्या आसपास ठेविले ते याच कारणाने: व्होल्ट चढविले की तितक्याच शक्तीस प्रवाह थोडा लागतो, व तारेत नाश कमी होतो.

१८२७ साली ओहम यांनी हे सर्व ग्रंथरूपाने छापिले. मोठ्या विद्यापीठात नेमणूक होईल अशी त्यांस आशा होती. परंतु जर्मन पंडितांनी ग्रंथाचा थंडपणे स्वीकार केला. ते खिन्न झाले व १८२८ साली त्यांनी कलोनची जागा सोडिली. पुढली काही वर्षे बर्लिनमध्ये थोड्याशा शिकवणीवर काढिली. १८३३ साली नुरेम्बर्ग येथे नोकरी लागली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस कोप्ले पदक दिले, म्हणजे परदेशाने आधी ओळखिले. म्युनिक विद्यापीठाची पूर्ण प्राध्यापकी १८५२ साली मिळाली, तेव्हा वय त्रेसष्ट होते. ता. ६ जुलै १८५४ रोजी ते तेथेच वारले. अवरोधाच्या मापास ओहम हे नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ साली जगभरासाठी ठरले.