लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक

लायका कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीत झाला. झाइसच्या येना येथील कारखान्यातील नोकरीनंतर १९११ मध्ये ते वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत रुजू झाले. दम्यामुळे काचेच्या तबकड्यांचा अवजड कॅमेरा वाहणे त्यांना झेपत नसे. म्हणून त्यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला. एर्न्स्ट लाइट्झ यांनी कठीण आर्थिक काळातही जोखीम पत्करली आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला.

१९३० मध्ये आट्यांवर फिरवून लेन्स बदलण्याची सोय झाली. आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटर होता. मात्र प्रत्येक लेन्स एकाच कॅमेऱ्याशी जुळवलेली असे. दुसऱ्या कॅमेऱ्यावर ती बसे, पण छायाचित्र धूसर येण्याचा धोका राही. १९३१ मध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित झाले. अशा कॅमेऱ्यांवर व लेन्सवर शून्याची खूण कोरली गेली आणि अदलाबदल निर्वेध झाली.

१६ जानेवारी १९३६ रोजी बार्नाक निवर्तले. त्यांच्या कॅमेऱ्याचे आटे सोव्हिएत झोर्की आणि जपानी कॅनननेही स्वीकारले. सोव्हिएत झेनिटच्या आरंभीच्या कॅमेऱ्यांचे आटेही ३९ मिलिमीटरचेच होते. परंतु आतील आरशामुळे ते अंतर ४५.२ मिलिमीटर झाले. त्यामुळे झेनिटची लेन्स लायकावर घट्ट बसते, तरी चित्र स्पष्ट उमटत नाही. जुनी लेन्स विकत घेताना केवळ आटे जुळवून भागत नाही. ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी घडली, हेही पाहावे लागते.