चौदावा दिवस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आमचं कुलदैवत जोतिबा आणि गुरुस्थान नरसोबाची वाडी. जोतिबाच्या डोंगरालाही वाडी रत्नागिरीच म्हणतात. त्यामुळे वाडीला जातो म्हटलं, की कुठल्या वाडीला हे सांगावं लागतं.

बँकेत कारकुनी करताना शेवटची काही वर्षे मयत खात्यांचे टेबल माझ्याकडे होते. मृत्यूचा दाखला पाहायचा, नामनिर्देशन तपासायचे, वारसांच्या सह्या घ्यायच्या. लोकांचे मरण रोज हाताखालून जाई, पण आपलेही कागद एक दिवस असेच कुणाच्या तरी टेबलावर येणार, हे काही मनाला शिवले नाही. गेल्या वर्षी आमच्या मंडळी गेल्या. त्यांच्या ठेवीचा अर्ज घेऊन मी काउंटरच्या अलीकडे उभा राहिलो तेव्हा सही करताना हात थरथरला. त्यानंतर पूजा सुटली, डोंगरावरची रविवारची फेरी सुटली. आता आपलं काय राहिलंय, असं म्हणून नुसता बसून राहिलो.

त्या दिवसांत श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे चरित्र पुन्हा हाती घेतले.

महाराजांचा जन्म 1854 साली सावंतवाडी संस्थानातील माणगावचा. आजोबांकडे वेदाध्ययन झाले, पुढे अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. 1883 साली माणगावात दत्तमंदिर उभे केले आणि सुमारे सात वर्षे तिथे सेवा केली. मग दत्तप्रभूंच्या आज्ञेने सर्व सोडून पत्नीसह बाहेर पडले. वाटेत मूल झाले तेही मृत. 1891 साली गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाईही गेल्या. महाराजांचे वय तेव्हा अवघे सदतीसच्या आसपास. त्यांनी पत्नीचे उत्तरकार्य यथासांग केले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला.

हे मी पूर्वीही वाचले होते, पण या वेळी तिथेच थांबलो. ज्याचे घरच मोडले, त्याने हातपाय गाळले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. महाराजांनी मात्र देह जाणारच हे पक्के धरले आणि उरलेला प्रत्येक दिवस कामी लावला. पुढची तेवीस वर्षे ते पायी फिरले, हरिद्वारपासून तंजावरपर्यंत. पैशाला हात लावला नाही. पोटाचा जुना विकार सोबत होताच, पण स्नान, अनुष्ठान आणि लेखन थांबले नाही. दत्तपुराण, दत्तमाहात्म्य असे ग्रंथ त्यांनी रचले. आपण देवळात आळवतो ती करुणात्रिपदीही त्यांचीच, 1905 साली नरसोबाच्या वाडीत झालेली. कुमार, तरुण आणि वृद्ध अशा तिघांसाठी त्यांनी वेगवेगळी शिक्षा लिहिली. म्हणजे म्हाताऱ्यांनाही अजून शिकायचे असते, हे त्यांनी गृहीतच धरले होते! 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला.

आपण संसारी माणसं. संन्यास आपल्याला झेपणारा नाही, आणि महाराजांनी गृहस्थाला घर सोडायला सांगितलेही नाही. पण चौदावा दिवस आपल्याही घरी येतो. त्या दिवशी पाहुणे जातात, सतरंज्या गोळा होतात आणि पुढं काय, हा प्रश्न उरतो. माझा तो प्रश्न नऊ महिने तसाच पडून होता.

पुस्तक मिटले आणि पहिल्यांदा माझ्या खात्यांची नामनिर्देशने भरली. लोकांना आयुष्यभर सांगितले, स्वतःचा रकाना कोराच होता! दुसरे काम अवघड होते. धाकट्या भावाशी बांधावरून सात वर्षे बोलणे नव्हते. रविवारी डोंगर चढलो, नाथांपुढे उभा राहिलो, गुलाल आणि नारळाचा प्रसाद घेतला आणि उतरून थेट त्याच्या दारात गेलो. बांधाचा निकाल अजून लागलेला नाही. पण वहिनीने चहा ठेवला, आणि भावाने गुलाल कपाळाला लावून घेतला.

किती दिवस शिल्लक आहेत, ते पासबुक महाराजांकडे. रोजचा जमाखर्च मात्र आपल्या हाती आहे, एवढं या वयात कळलं.

जोतिबाच्या नावानं चांगभलं! अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!