एडवर्ड जेन्नर : गोठ्यात गवसलेले अभय

इ. स. १७५७ मधील गोष्ट. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील आठ वर्षांच्या एका मुलाला देवी टोचण्यासाठी नेण्यात आले. टोचण्यापूर्वी कित्येक दिवस त्याला अर्धपोटी ठेवले, रेचके दिली, शरीरातील रक्तही काढले. मुलगा अगदी क्षीण झाला. मग देवीच्या रोग्याच्या फोडातील द्रव त्याच्या दंडावरील लहानशा जखमेत घातला आणि अंगावर उठलेले फोड सुकेपर्यंत त्याला इतर मुलांसोबत एका तबेल्यात ठेवले. मुलगा वाचला, परंतु त्या दिवसांची धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. पुढे बराच काळ त्याला शांत झोप लागत नसे. त्या मुलाचे नाव एडवर्ड जेन्नर. जगातील मुलांची या यातनांतून सुटका करणारा उपाय पुढे त्यानेच सिद्ध करून दाखवला.

त्या काळी देवीच्या रोगाने माणसाचे जीवन व्यापले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस एकट्या युरोपात दरवर्षी सुमारे चार लाख माणसे या रोगाने मरत, असा अंदाज आहे. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत. अनेकांची दृष्टी जाई. आपल्याकडेही या रोगाला देवीचा कोप मानून शीतलामातेची आराधना केली जाई. मात्र एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या पुन्हा येत नाहीत, हे अनुभवाने लोकांना कळले होते. म्हणूनच सौम्य रोग मुद्दाम टोचून घेण्याची प्रथा भारत, चीन, तुर्कस्तान या देशांत पूर्वीपासून होती. बंगालमध्ये हे काम करणाऱ्यांना टिकादार म्हणत. इ. स. १७२१ मध्ये लेडी मेरी माँटेग्यू यांनी ही पद्धत तुर्कस्तानातून इंग्लंडमध्ये नेली. परंतु तिच्यात मोठा धोका होता. टोचलेल्या शंभर जणांपैकी एकदोघे दगावत आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना खऱ्याखुऱ्या देवींची लागण होऊ शके.

एडवर्डचा जन्म १७ मे १७४९ रोजी बर्कली या गावी झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. एडवर्ड पाच वर्षांचा असतानाच आईवडिलांचे छत्र हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्याचा सांभाळ केला. बर्कलीचा परिसर हिरव्या कुरणांचा आणि दुभत्या गाईंचा. या परिसरात फिरून जीवाश्म आणि लहान प्राण्यांची घरटी गोळा करण्याचा त्याला छंद होता. निसर्गाकडे बारकाईने पाहण्याची सवय त्याला येथेच जडली.

किशोरवयात त्याने चिपिंग सॉडबरी येथील शल्यवैद्य डॅनियल लडलो यांच्याकडे उमेदवारी केली. इ. स. १७७० मध्ये तो लंडनला गेला आणि प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांचा शिष्य झाला. केवळ तर्क करीत न बसता प्रत्यक्ष प्रयोग करून पाहावे, ही हंटर यांची शिकवण त्याने आयुष्यभर जपली. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सागरसफरीत निसर्गअभ्यासक म्हणून जाण्याची संधीही त्याच्यापुढे आली होती. ती नाकारून तो गावी परतला आणि खेड्यापाड्यांतून घोड्यावर फिरणारा वैद्य झाला. कोकिळेच्या कुळातील कक्कू पक्ष्याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू घरट्यातील इतर अंडी व पिल्ले बाहेर ढकलून देते, हे जेन्नर यांनी निरीक्षणाने दाखवून दिले. त्याबद्दल १७८९ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला.

वैद्यकी करताना जेन्नर यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही शेतकऱ्यांना आणि गवळणींना देवी टोचल्या, तरी त्यांच्यावर काहीच परिणाम होत नसे. विचारपूस करता कळे, की या लोकांना पूर्वी कधीतरी गाईंच्या देवी झाल्या होत्या. गाईच्या सडांवर येणारे हे फोड धार काढणाऱ्याच्या हातांवरही उठत, थोडा ताप येई आणि काही दिवसांत सारे बरे होई. गोठ्यात काम करणाऱ्यांना मोठ्या देवी येत नाहीत, ही समजूत तेथील शेतकऱ्यांमध्ये रूढ होती. इ. स. १७७४ मध्ये बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर आपल्या पत्नीला व दोन मुलांना गाईच्या देवी टोचल्याही होत्या. सुशिक्षित वैद्य मात्र या समजुतीला अडाण्यांची गोष्ट मानत. जेन्नर यांनी तिची टिंगल केली नाही. तिची परीक्षा घेतली.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेतला आणि आपल्या माळ्याच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर टोचला. जेम्स आठ वर्षांचा होता. तबेल्यात कोंडलेल्या एडवर्डच्याच वयाचा. त्याला किंचित ताप आला आणि तो लवकरच खेळू लागला. १ जुलै रोजी जेन्नर यांनी त्याच मुलाला खऱ्या देवींचा द्रव टोचला. त्या काळी हे टोचणे सर्रास चालत असले, तरी ही घटका कसोटीची होती. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग एखाद्या बालकावर करताच येणार नाही, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. जेम्सला देवी आल्या नाहीत.

हा निष्कर्ष रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला नाही. पुरावा अपुरा वाटला. जेन्नर यांनी आणखी प्रयोग केले आणि १७९८ मध्ये तेवीस प्रकरणांची हकिकत देणारी पुस्तिका स्वखर्चाने छापली. लॅटिन भाषेत गाईला ‘वाका’ म्हणतात. त्यावरूनच पुढे ‘व्हॅक्सिन’ हा शब्द रूढ झाला. टीकाही पुष्कळ झाली. लस टोचलेल्या माणसांच्या अंगांतून गाई बाहेर पडत आहेत, अशी व्यंगचित्रे निघाली. तरीही काही वर्षांतच लस जगभर पोहोचली. शीतपेट्या नसलेल्या त्या काळात ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी साखळीने नेली जाई. बगदाद व बसरामार्गे ती मुंबईत आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतात यशस्वीपणे लस घेणारी ती पहिलीच व्यक्ती. तिच्या दंडावरील फोडातूनच ही लस पुढे देशाच्या इतर भागांत गेली.

जेन्नर यांनी या शोधातून धन जोडले नाही. ब्रिटिश संसदेने त्यांना १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये वीस हजार पौंड दिले. परंतु आपल्या बागेतील एका लहानशा झोपडीत ते गोरगरिबांना विनामूल्य लस टोचत. जेम्स फिप्सलाही त्यांनी राहायला घर दिले. त्यांचे खाजगी जीवन मात्र दुःखाने झाकोळले. थोरला मुलगा १८१० मध्ये व पत्नी १८१५ मध्ये क्षयाने दगावली. असंख्य घरांतील मुले वाचवणाऱ्या या वैद्याजवळ स्वतःच्या घरातील रोगावर उपाय नव्हता. क्षयावरील बीसीजी लस १९२१ मध्ये प्रथम देण्यात आली. तीही गाईच्या क्षयजंतूपासूनच तयार झाली होती. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत जेम्स फिप्स उपस्थित होता.

गोठ्यातील गवळणींना अभय कसे मिळाले, याचे उत्तर जेन्नर यांना देता आले नाही. कारण तेव्हा विषाणू ठाऊक नव्हते. शरीरातील काही पेशी एकदा भेटलेल्या रोगजंतूची खूण जपून ठेवतात आणि तो किंवा त्याचा जवळचा भाईबंद पुन्हा आला की त्वरेने प्रतिकार करतात, हे आज आपण जाणतो. अलीकडच्या काळात गोठा पुन्हा शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. बालपण गुराढोरांच्या सान्निध्यात गेलेल्या मुलांमध्ये दमा व परागकणांची ॲलर्जी तुलनेने कमी आढळते, असे आल्प्स पर्वताच्या परिसरातील पाहण्यांतून दिसून आले. बालवयात विविध निरुपद्रवी सूक्ष्मजीवांशी ओळख झाल्याने प्रतिकारशक्तीला शत्रू कोण आणि शत्रू नव्हे ते कोण, हे उमगत असावे. मात्र याचा अर्थ घाण हितकारक असते असा नाही. दूषित पाणी आणि गोवर, घटसर्प यांसारखे रोग प्रतिकारशक्ती घडवण्याआधी बालकाचा जीवच घेऊ शकतात. धोका टाळून शरीराला शिकवण्याचा मार्ग म्हणजे लस.

भारतात देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आज जुन्या पिढीतील माणसांच्या दंडावर लसीचा गोल व्रण दिसतो. पुढच्या पिढ्यांच्या दंडावर तो नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. तबेल्यात भेदरून पडलेल्या एका मुलाने मोठेपणी जगातील मुलांना दिलेले हे अभय आहे.