बंद पडणाऱ्या ट्रकमधून उभी राहिलेली पत

मध्यमवर्गीय कुटुंबात नवी गाडी घेण्याचे ठरले की रंग, आसने आणि रूप यांची चर्चा मोठ्या उत्साहाने होते. निर्णय मात्र बहुधा दोन कोरड्या प्रश्नांवर येऊन ठरतो. ही गाडी रस्त्यात किती वेळा दगा देईल, आणि पाच-सात वर्षांनी विकायला काढली तर हाती काय पडेल? वरवर पाहता हे दोन प्रश्न वेगळे भासले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. जुन्या गाडीचा गिऱ्हाईक पत्रा आणि लोखंड विकत घेत नाही. उरलेली वर्षे ती बिनतक्रार चालेल, सुटे भाग मिळतील आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही ती दुरुस्त करता येईल, हा भरवसा तो विकत घेत असतो. भारतातील जुन्या गाड्यांच्या बाजारात आधी क्वालिसने आणि नंतर इनोव्हाने जो भाव टिकवला, तो या भरवशाचाच भाव होता. ज्या टोयोटा या नावाशी तो जोडला गेला आहे, त्या कंपनीच्या संस्थापकाची पहिली वाहने मात्र वाटेत बंद पडण्यासाठी कुप्रसिद्ध होती. किइचिरो टोयोडा यांच्या चरित्रातील हा विरोधाभास जाणून घेण्याजोगा आहे.

किइचिरो यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी जपानमधील आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील साकिची टोयोडा हे सुताराचे पुत्र. औपचारिक शिक्षण बेताचेच. पण कापड विणण्याच्या मागात सुधारणा करण्याचा त्यांना आयुष्यभर ध्यास लागलेला होता. धागा तुटताच माग आपोआप थांबला पाहिजे, म्हणजे सदोष कापड पुढे विणलेच जाणार नाही, ही त्यांची कल्पना साधी, पण फार दूरवर परिणाम करणारी ठरली. दोष शेवटी तपासून बाजूला काढण्याऐवजी तो जिथे उद्भवतो तिथेच काम थांबवायचे, हे टोयोटाच्या कारखान्यांचे पुढील काळातील सूत्र मुळात मोटारीचे नव्हते, ते मागाचे होते.

टोकियोच्या शाही विद्यापीठातून १९२० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन किइचिरो घरच्या उद्योगात आले. स्वभावाने ते अबोल आणि काहीसे संकोची होते. त्यांचे मन हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रशाळेत रमे. काम न थांबवता धोटा आपोआप बदलणारा माग १९२४ मध्ये सिद्ध झाला, त्यात पित्याच्या कल्पकतेइतकाच पुत्राच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा वाटा होता. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने एक लाख पौंडांच्या करारान्वये घेतले. ज्या देशाने जगाला यंत्रमाग शिकवला, त्यानेच जपानी मागासाठी पैसे मोजावेत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी साकिची निवर्तले.

त्या वेळी जपानचे रस्ते अमेरिकेच्या ताब्यात होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९२३ च्या महाभूकंपात टोकियोची रेल्वे आणि ट्राम उद्ध्वस्त झाल्यावर फोर्डच्या ट्रकना बसचे रूप देऊन शहर हलते ठेवावे लागले होते. १९२५ मध्ये फोर्डने योकोहामात आणि १९२७ मध्ये जनरल मोटर्सने ओसाकात जुळणीचे कारखाने उघडले. या दोन बलाढ्य कंपन्यांपुढे देशी मोटार उभी करण्याचा विचार अनेकांना वेडेपणाचा वाटत होता. घरजावई म्हणून कुटुंबात आलेले आणि उद्योगाची सूत्रे सांभाळणारे रिसाबुरो टोयोडा हेही आरंभी साशंक होते, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे चुकत नव्हते. तरीही सप्टेंबर १९३३ मध्ये माग बनवणाऱ्या कंपनीतच मोटारीचा विभाग सुरू झाला.

किइचिरो यांनी शेव्हरोले गाडी आणून तिचा प्रत्येक भाग सुटा केला, मोजला आणि रेखाटला. इंजिनाच्या सिलिंडर ब्लॉकचे ओतकाम कारखान्याला जमेना. शेकडो ओतीव ब्लॉक भंगारात गेले. पहिले इंजिन तयार झाले, तेव्हा त्याची शक्ती मूळ इंजिनापेक्षा कमी भरली आणि त्याचे हेड नव्याने आखावे लागले. मे १९३५ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या नमुना-मोटारीचे रूप क्रायस्लरच्या धर्तीवर होते, तर यंत्रणा फोर्ड आणि शेव्हरोले यांना अनुसरून होती. याला नक्कल म्हणता येईल, आणि ती होतीच. पण तिच्यामागे गिऱ्हाइकाचाही विचार होता. बाजारात आधीच मिळणारे अमेरिकी सुटे भाग आपल्या गाडीला चालावेत, म्हणजे नव्या, अनोळखी नावाची गाडी घेणारा माणूस एका बोल्टसाठी अडून बसणार नाही, अशी ती योजना होती. आज गाडी निवडताना सुजाण ग्राहक सुट्या भागांच्या उपलब्धतेची चौकशी करतो. किइचिरो यांनी ती चौकशी त्याच्या वतीने आधीच करून ठेवली होती.

खरी कसोटी लागली ती जी-१ या ट्रकच्या वेळी. नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियोत त्याचे अनावरण व्हायचे होते. कारियाहून राजधानीकडे येताना वाटेतच स्टिअरिंगचा भाग तुटला आणि रातोरात दुरुस्ती करून ट्रक कसाबसा मुक्कामी पोहोचवावा लागला. पुढेही मागचे अ‍ॅक्सल तुटत, तक्रारींचा ओघ थांबत नसे. किंमत अमेरिकी ट्रकपेक्षा थोडी कमी ठेवली होती. पण नुसत्या स्वस्ताईवर विश्वास विकत मिळत नाही, याची जाणीव किइचिरो यांना होती.

याच सुमारास जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतील नोकरी सोडून शोतारो कामिया त्यांना येऊन मिळाले. लाभाचा क्रम आधी ग्राहक, मग विक्रेता आणि शेवटी कारखानदार असा असावा, हे कामियांचे तत्त्व होते. त्यानुसार पहिल्या ट्रकची विक्री नागोयाच्या आसपासच ठेवण्यात आली. ट्रक कुठेही बंद पडला, तर कारखान्याची माणसे तिथे वेळेत पोहोचली पाहिजेत, हा हेतू होता. दुरुस्ती विनामूल्य होई. किइचिरो स्वतः अशा ठिकाणी जात, गाडीखाली शिरत, तुटलेला भाग हाती घेऊन पाहत आणि तो का तुटला याचा शोध लागेपर्यंत स्वस्थ बसत नसत. अभियंत्याचे हात दिवसातून तीनदा तरी धुण्याइतके मळले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. बंद पडलेल्या ट्रकच्या मालकाने निदान एवढे पाहिले की हा कारखानदार तोंड लपवत नाही. पुढील पतीची पहिली वीट इथे बसली, जाहिरातीत नव्हे.

१९३६ च्या मोटार उत्पादन कायद्याने देशी कारखान्यांना संरक्षण मिळाले आणि काही वर्षांतच फोर्ड व जनरल मोटर्स यांना जपानमधील उत्पादन थांबवावे लागले. टोयोटाच्या यशात या सरकारी आश्रयाचा वाटा मोठा होता, हे तिच्या चाहत्यांनी विसरू नये. त्याच वर्षी बोधचिन्हासाठी घेतलेल्या स्पर्धेतून टोयोडा या आडनावाचे टोयोटा झाले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिले जाते आणि आठ हा अंक तिथे शुभ मानतात. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. १९३८ मध्ये कोरोमो येथे उभारलेल्या कारखान्यात किइचिरो यांनी आवश्यक तो भाग, आवश्यक तेव्हा, आवश्यक तितकाच, असा दंडक घातला. साठा नसला की दोष लपायला जागा उरत नाही. युद्धाने ही घडी विस्कटली. प्रवासी मोटारी मागे पडल्या आणि लष्करासाठी ट्रक बनवण्यातच सारी शक्ती गेली.

युद्धानंतरचे संकट अधिक जिव्हारी लागणारे होते. १९४९ मध्ये चलनवाढ रोखण्यासाठी लादलेल्या कठोर आर्थिक धोरणाने बाजार गोठला. विकलेल्या ट्रकचे हप्ते येईनात, पगार थकले. कामगारांना काढायचे नाही, या निश्चयाला किइचिरो शक्य तितके चिकटून राहिले. पण कर्ज देणाऱ्या बँकांनी विक्रीची कंपनी वेगळी करण्याची आणि मनुष्यबळ घटवण्याची अट घातली. सुमारे सोळाशे कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव पुढे येताच संप पेटला. अखेर जून १९५० मध्ये किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडले. कामगारांना घरी पाठवायचे आणि आपण खुर्चीवर राहायचे, हे त्यांना मानवणारे नव्हते. दैवाची थट्टा अशी, की त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रक-मागणीने कंपनी पाहता पाहता सावरली. १९५२ च्या आरंभी त्यांना पुन्हा अध्यक्ष होण्याची विनंती झाली आणि ती त्यांनी मान्यही केली. परंतु २७ मार्च १९५२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७.

परदेशी मदतीवाचून विकसित झालेली क्राउन ही प्रवासी मोटार १९५५ मध्ये आली, ती पाहायला ते नव्हते. १९५७ मध्ये तीच गाडी मोठ्या हौसेने अमेरिकेत नेली, तेव्हा तिथल्या वेगवान महामार्गांवर ती तापू लागली, थरथरू लागली आणि कंपनीला नामुष्कीने माघार घ्यावी लागली. कोरोमोतील सवय तेव्हा उपयोगी पडली. दोषांची नोंद झाली, कारणे शोधली गेली आणि १९६५ मध्ये कोरोना ही गाडी त्याच बाजारात उतरली. पुढील वर्षी कोरोला आली. अमेरिकेत वापरलेल्या जपानी गाड्यांना चांगले मोल येऊ लागले, ते त्यानंतरच्या काळात.

महाराष्ट्राशी या घराण्याचा धागा जुळला तोही आधी कापडाच्या निमित्ताने. १९९५ मध्ये किर्लोस्कर आणि टोयोडा यांनी वस्त्रोद्योगातील यंत्रांसाठी भागीदारी केली, १९९७ मध्ये मोटारीसाठी, आणि २००० मध्ये बंगळुरूजवळील बिडदीहून क्वालिस बाहेर पडली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिल्या नांगरांसाठी गिऱ्हाईक मिळवताना जो त्रास झाला, तो किइचिरो यांना सहज उमगला असता.

ही पत कायमची नसते, हेही पुढे दिसले. अचानक वेग घेणाऱ्या गाड्यांच्या तक्रारींवरून लाखो वाहने परत बोलवावी लागली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरो यांचे नातू आकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली.

किइचिरो यांच्या हयातीत बाजारात आलेल्या पहिल्या प्रवासी मोटारीच्या, म्हणजे १९३६ च्या ‘एए’ मॉडेलच्या, सुमारे चौदाशे गाड्या बनल्या. जपानमध्ये त्यांपैकी एकही उरली नाही. कंपनीला संग्रहालयासाठी प्रतिकृती घडवावी लागली. अस्सल म्हणता येईल अशी एकमेव गाडी २००८ मध्ये रशियात सापडली. तिला रशियन ट्रकचे भाग जोडून तिच्या मालकांनी ती वर्षानुवर्षे कामाला जुंपली होती. हेग येथील लाउमन संग्रहालयाने ती विकत घेतली आणि रंगरंगोटी न करता, ओरखडे व गंजासह, जशी मिळाली तशीच मांडून ठेवली आहे.