वर्ल्ड बँकेचे डॉलर कारखान्यांपर्यंत नेणारे रायगडचे सी. डी. देशमुख

अंबरनाथ एमआयडीसीत कारखान्यांना प्लॉट आणि रस्ते सरकारी महामंडळाने दिले, पाणी बारवी धरणातून आलं. पण कारखाना चालतो मशीनवर.

१९५० च्या दशकात मोठी मशीन परदेशातून यायची. त्यासाठी डॉलर लागायचे. बँका मात्र कर्ज द्यायच्या ते थोड्या मुदतीचं. मग कारखाना टाकायचा कसा?

हा प्रश्न ज्यांच्या काळात मार्गी लागला, ते अर्थमंत्री म्हणजे सी. डी. देशमुख.

रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावात १४ जानेवारी १८९६ ला चिंतामणरावांचा जन्म झाला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप, पुढे केंब्रिज आणि आयसीएस. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला आयएमएफ आणि वर्ल्ड बँकेचा आराखडा ठरत होता. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. गरीब देशांच्या विकासाचाही विचार व्हावा, असा आग्रह या शिष्टमंडळाने धरला.

१९४९ मध्ये वर्ल्ड बँकेने भारताला पहिलं कर्ज दिलं, ३ कोटी ४० लाख डॉलरचं, रेल्वेसाठी. १९५० मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत धरणं, कालवे, रेल्वे यांवर खर्च झाला. त्यातला बहुतेक पैसा देशाचाच होता. वाढीचं उद्दिष्ट वर्षाला साधारण २.१ टक्के होतं, प्रत्यक्षात ती ३.६ टक्क्यांच्या आसपास झाली. चांगल्या पावसाचाही त्याला हातभार लागला.

आणि १९५५ मध्ये आयसीआयसीआय सुरू झाली. वर्ल्ड बँकेने तिला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, हमी भारत सरकारची. वर सरकारने साडेसात कोटी रुपये बिनव्याजी दिले. खासगी कारखानदाराला दीर्घ मुदतीचं कर्ज, तेही परदेशी चलनात, मिळायची सोय झाली.

पुढच्याच वर्षी मुंबई महाराष्ट्राला देण्यास नकार मिळाला, म्हणून देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. २ ऑक्टोबर १९८२ ला त्यांचं निधन झालं.

१९६२ मध्ये एमआयडीसी आली, तेव्हा मशीनसाठी कर्ज देणारी व्यवस्था आधीच उभी होती. कर्ज देशाने फेडायचंच असतं. ते खाण्यात गेलं की नुसता बोजा उरतो, उभारणीत गेलं तर फेडायची ताकदही तयार होते.